एकसष्ट झाडं आणि सिंकवरची खिडकी

ब्लॅकफिश क्रीक,
कॅरॅव्हॅनच्या पायरीवरून,
मंगळवार (बहुधा)

तीर्थरूप नोरीन मावशीस,

तुझ्या पायांना, म्हणजे भर उन्हाळ्यातही तू घालून बसतेस त्या मेंढीच्या लोकरीच्या बुटांना, तुझ्या भटक्या ब्रायडीचा नमस्कार. मी इकडे मजेत आहे. दहापैकी नऊ बोटं तर फारच मजेत आहेत. दहाव्याची हकीकत ओघात येईलच. तुझा गुडघा काय म्हणतो? लेक्स एंट्रन्सची हवा मानवली का? (फोनवर तू 'मानवली, मानवली' असं दोनदा म्हणतेस. खरंच मानवली असती तर एकदाच म्हणाली असतीस.) खालच्या मजल्यावरचा तो माणूस अजून सकाळी सकाळी मासे तळतो का? कोंबड्या खुशाल आहेत. चौघी अंडी देतात. पाचवी, ती डोक्यावर तुरा असलेली, नुसती मतं देते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. मावशी, फोनवर मी 'खिडकी' म्हटलं की तुझ्याकडे किटली उकळते. गेल्या महिन्यात सहा वेळा उकळली. 'किटली शिट्टी मारतेय गं, ठेवते' म्हणालीस आणि ठेवलास. एवढा चहा मेंढ्या कातरणारी अख्खी टोळीसुद्धा पीत नाही (मी एक हंगाम त्यांच्या स्वयंपाकाला होते, तिथं एक जण दिवसाला सतरा कप प्यायचा आणि आपल्याला झोप का लागत नाही म्हणून डॉक्टरांना शिव्या द्यायचा, पण ते राहू दे). पत्राचं बरं असतं. मध्येच किटली उकळली तर उतरवून ठेवायची आणि सोडलं तिथून पुढे वाचायचं.

तर मुद्दा. आपल्या घराचा नकाशा या तीस तारखेच्या आत कौन्सिलात पोचायला हवा. जुनी परवानगी संपली. वणव्यात घर गेल्यावर पहिल्याच वर्षी काढलेली ती परवानगी तू तीन वर्षं बिस्किटांच्या डब्यात ठेवलीस, आणि परवानगीही बिस्किटासारखीच असते, फार ठेवली की मऊ पडते. तीस तारखेला नवा नकाशा गेला नाही तर सगळं पहिल्यापासून, आणि 'पहिल्यापासून असेल तर नकोच, जमीन विकून टाकू' हे तुझेच शब्द, नाताळातले, भांडी विसळतानाचे. बाकी सगळं ठरलंय. छप्पर ठरलं, भिंती ठरल्या, पाण्याची टाकी कुठे बसणार ते ठरलं. अडलंय ते खिडक्यांपाशी. 'खिडक्या तू निवड, मला विचारू नकोस' हेही तुझेच शब्द. घराला खिडक्या पाच. त्यातल्या चार कुणीही निवडाव्यात. पाचवी सिंकवरची.

आता, खिडकी निवडायला काय अक्कल लागते, असं मलाही वाटायचं. तुला माहीतच आहे, खिडकीशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की ती उघडली की बाहेर पडता येतं. (तुझ्याकडे असताना मी दार फार कमी वापरलं, हे तू शाळेच्या बाईंनाही सांगितलं होतंस.) पुढे तर खिडकी हा प्रकारच सुटला. मासेमारीच्या बोटीवर गोल भोक होतं, त्यातून फक्त पाणी दिसायचं. द्राक्षाच्या मळ्यात खिडकीला पोतं लावलेलं होतं. आणि सात वर्षं तर पाठीवरचा तंबूच, त्याची खिडकी चेनची. अशा मुलीच्या हातात तू पाच खिडक्या सोपवल्यास, म्हणजे मांजराला दुधाची राखण.

सुरुवात केल्व्ह ड्रुइटनं केली. म्हणजे आपला वरच्या कुरणातला केल्व्ह, ज्याच्याशी तू कुंपणावरून अकरा वर्षं भांडलीस, आणि जो आता दर आठवड्याला येऊन 'नोरीन कधी येतेय' विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत 'मला काय करायचंय म्हणा' असंही म्हणून टाकतो. तो म्हणाला, "पोरी, खिडक्या कधी नव्या घेतात का? कचराडेपोच्या दुकानात जा. जुनं लाकूड, जुने सुतार. हल्लीच्या खिडक्या म्हणजे आइस्क्रीमच्या डब्याची झाकणं." केल्व्ह बोलला म्हणजे ते चूक असणार हे मला अनुभवानं ठाऊक आहे. पण मावशी, तिथं ती खिडकी उभी होती. पाडलेल्या एका नाचघराची. तांबूस देवदाराची चौकट, वर-खाली सरकणारी दोन तावदानं, आत दोरखंडाला लोखंडी वजनं, आणि काच अशी जुनी की तिच्यातून बघितलं तर पलीकडचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलावं. मी तिथंच विरघळले. दुकानदार म्हणाला, बदल्यात काय देतेस? मी तंबू दिला. हो, तोच. (केल्व्ह परतीच्या वाटेत म्हणाला, "म्हणजे आता तू राहणार की काय?" मी म्हटलं, खिडकी नीट धर.) खिडकी पिकअपवर चढवताना आतलं एक वजन सुटून माझ्या डाव्या करंगळीवर आलं. दहाव्या बोटाची हकीकत ती एवढीच. नख जांभळं आहे, जकरंडाच्या फुलासारखं, दिसतं छान.

जुन्या घराचं जोतं अजून आहे, मावशी. झाडून-बिडून स्वच्छ ठेवलंय मी. सिंक जिथं होतं त्या जागी आम्ही दोन पिंपांच्या आधारानं ती खिडकी उभी केली. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती खिडकी. मी तिच्यासमोर खुर्ची टाकून दुपारभर बसले. समोर म्हातारा टॅम, तोच डोंगर, खांद्यावर अजून काळ्या काड्या पण पायथ्याला हिरवळ धरलेला, काचेतून हलत होता. त्या दिवशी त्यानं ढगाची टोपी घातली होती. 'टॅमनं टोपी घातली, दोऱ्या रिकाम्या करा' हे तुझं वाक्य कुणी म्हणेल म्हणून मी उगाच वाट बघत बसले. कपडे वाळत नव्हतेच, तरीही. मॅगपाय पक्षी येऊन काचेतल्या स्वतःशी भांडून गेले. केल्व्ह फिरून पलीकडच्या बाजूला गेला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "कोणी आहे का घरात?"

गुरुवारी गिलियन पास्को आली. ही वणव्याची तपासनीस. तुमचं घर कुठे, झाडी कुठे, मध्ये अंतर किती, उतार किती, हे मोजून ती एक आकडा देते, आणि त्या आकड्याप्रमाणे भिंती, दारं आणि खिडक्या घ्यायच्या. बाई काटकुळी, टोपीला दोरी, गळ्यात उताराचा कोन मोजायची नळी. तिनं आधी ती खिडकी पाहिली.

"ही कुणाची?"

"आमच्या घराची."

"घर कुठाय?"

"यायचंय."

तिनं चौकटीवर नखानं टिचकी मारली, देवदाराचा वास घेतला आणि अगदी मनापासून म्हणाली, "काय सुंदर काम आहे. उत्तम पेटेल." मग तिनं मला शांतपणे समजावलं, (तिला बिस्किटं दिली होती मी, तुझ्या पद्धतीची, खाली करपलेली. तीन खाल्ली तिनं,) की ज्वाळा येऊन घर गिळतात असं आपल्याला वाटतं, पण तसं क्वचितच होतं. आधी तास तास निखारे उडत येतात. ते फट शोधतात, जाळी नसलेली खिडकी शोधतात. मग उष्णतेनं काच जाते, आणि काच गेली की घर आतून पेटतं, पडद्यांपासून. लाकूडच हवं असेल तर ठरावीक कठीण जातींचं, नाहीतर धातूची चौकट, काच कडक केलेली, आणि जाळी पोलादाची. देवदार यादीत नाही. नाचघर तर नाहीच नाही.

नंतर ती उतारावर गेली आणि थांबली. तिथं माझी झाडं.

आता ही झाडं तुला माहीत नाहीत, कारण तू तीन वर्षांत आली नाहीस. वणव्यानंतरच्या शरदात गावच्या सभागृहात ती स्वयंसेवक मंडळी रोपं वाटत होती. प्रत्येक जळालेल्या घराला एक ट्रे, सोबत पावात घातलेलं सॉसेज. लोकांनी ती रोपं अशी नेली की जणू भाकरी वाटताहेत. दरीतल्या एकूण एक माणसानं लावली. घराचं जोतं राखेत, पण उतारावर रोपं. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की आपण सूप घेऊन जातो. डोंगर आजारी पडला, तर काय न्यायचं? मी तेव्हाच उत्तरेकडून आले होते. वणवा पेटला तेव्हा मी तिकडे उत्तरेत, केथरीन गावात आंबे उतरवत होते, आणि गुत्त्यातल्या टीव्हीवर आपली दरी दिसली म्हणून फोन केला, तर तू म्हणालीस, 'काही नाही गं, थोडा धूर आहे.' थोडा धूर! तू तेव्हा फुटबॉलच्या मैदानावर कपड्यांच्या टोपलीत पाच कोंबड्या आणि मांडीवर जॅमचं पातेलं घेऊन बसली होतीस. (फोटो राहिले, पातेलं आलं. तू म्हणालीस, जॅम अजून झाला नव्हता.) तर मी आले तेव्हा तू निघून गेली होतीस, घर नव्हतं, उतारावर नुसत्या काळ्या काड्या होत्या, आणि माझ्या हातांना काम नव्हतं. मी आपला ट्रे घेतला, ज्यांना नको होते त्यांचेही घेतले, आणि स्वयंपाकघराच्या खाली, जुनी झाडं होती नेमक्या त्याच जागी, निलगिरी आणि वॅटल मिळून एकसष्ट रोपं लावली. उन्हाळाभर ओढ्यातून बादल्यांनी पाणी घातलं. मग भटकायला गेले, पण दर उन्हाळ्यात पाण्यापुरती परत आले. तू परत आलीस तर खिडकीतून तेच दिसायला हवं, एवढंच डोक्यात होतं. त्यातली साठ जगली. एक मेलं, त्याच्या जागी पुन्हा लावलं, म्हणजे एकसष्टच.

गिलियन पास्कोनं विचारलं, "ही कुणी लावली?" मी छाती काढून म्हटलं, मी. "किती?" एकसष्ट. तिनं नळी डोळ्याला लावली, पट्टी सोडली, वहीत लिहिलं. म्हणाली, "अभिनंदन. चाळीस."

मावशी, शाळेत मला चाळीस कधी मिळाले नव्हते. तू साक्षीला आहेस. भूगोलात एकदा सदतीस मिळाले होते तर तू केक केला होतास. इथं अभ्यास न करता सरळ चाळीस! मी खुश झाले. मग कळलं की या परीक्षेत आकडा जेवढा मोठा तेवढा विद्यार्थी नापास. वणव्यानंतर उघड्या रानात आपला आकडा एकोणतीस होता. झाडं वाढली, तो चाळीस झाला. ती वही मिटून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. अख्खी दरी हेच करून बसलीय. दर आठवड्याला मी कुणाला तरी सांगते, की बाबांनो, तुमची माया खरी आहे, फक्त ती वीस मीटर लांब लावायला हवी होती."

एकोणतीस आणि चाळीस यांत फरक काय, ते तुला सांगते, कारण सगळं भांडण तिथंच आहे. एकोणतीसला खिडकीचा जेवढा भाग उघडतो तेवढ्यालाच जाळी. बाकी काच मोकळी. चाळीसला सगळ्या खिडकीवर बाहेरून पोलादाची जाळी, उघडो न उघडो. जाळीची भोकं एवढी, की मुंगीनं अंग चोरून जावं. म्हणजे झाडं राहिली तर तू भांडी घासताना टॅमकडे चाळणीतून बघणार. झाडं गेली तर टॅम स्वच्छ दिसणार, पण त्याच्या पायाशी बोडका उतार. मी ज्या खिडकीसाठी झाडं लावली, त्याच खिडकीच्या तोंडावर झाडांनी जाळी मारली. केल्व्ह म्हणाला, "तू शाळा सोडलीस ते शाळेचं नशीब."

मग मी बेर्न्सडेलला साल्वु फारुजाकडे गेले. वणव्यानंतर अर्ध्या दरीनं खिडक्या त्याच्याकडूनच घेतल्यात. म्हातारा माल्टाचा, कपाळावर चष्मा, गिऱ्हाईक आलं की आधी बायकोनं केलेली चीजची पेस्ट्री तोंडात कोंबतो, म्हणजे गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही. बाकीचे खिडकीवाले माप विचारतात. यानं विचारलं, "बाळा, काय बघायचंय?" तोंडात पेस्ट्री होती, नाहीतर तेवढ्यावरच मला रडू आलं असतं. मी सांगितलं, एक डोंगर आहे, आणि एक बाई भांडी घासत त्याच्याकडे बघते. तो म्हणाला, "नवरा?" म्हटलं, नाही, डोंगरच. म्हणाला, "बरं आहे, डोंगर घोरत नाही."

त्यानं पोलादी जाळीचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि रस्त्यापलीकडचं चर्च दाखवलं. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसं. मग दोन काचा माझ्या दोन हातांत दिल्या, एक साधी तीन मिलीची, जुन्या घरांतली, आणि एक कडक केलेली, जाड. वजनाखेरीज मला काही फरक कळला नाही. तो म्हणाला, साध्या काचेचा मधला भाग तापून फुगतो, कडा चौकटीत दडलेली असते ती थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. आग पोचायच्या आधीच, नुसत्या धगीनं.

आणि इथं मावशी, तू रागावशील, पण मी विचारलं. गेल्या नाताळात ग्लास पुसता पुसता तू एकदाच, माझ्याकडे न बघता म्हणाली होतीस, की जॅमची वाफ जावी म्हणून तू सिंकवरची खिडकी उघडी ठेवलीस, आणि निघताना घाईत बंद केलीस की नाही ते तुला आठवत नाही. एवढं म्हणून तू नळ सोडलास. मला वाटलं नळ बंद होईल मग बोलू, पण तू तो बंदच केला नाहीस. तीन वर्षं तू का येत नाहीस ते मला त्या दिवशी कळलं. गुडघा नाही, समुद्राची हवा नाही. ती खिडकी.

म्हणून मी साल्वुला विचारलं. नाव नाही घेतलं. म्हटलं, एका बाईची खिडकी उघडी राहिली असेल तर? त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. म्हणाला, "तीन मिलीची काच ना? लाकडी चौकट? उताराच्या तोंडाला?" हो. "मग ऐक. उघडी असती तर निखारा आत आला असता. बंद असती तर काच तडकली असती, मग निखारा आत आला असता. त्या दिवशीच्या वाऱ्यात फरक पडला असता तो चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळाचा. आणि त्या बाईनं खिडकी बंद करायला परत जायचं ठरवलं असतं ना बाळा, तर आज तू माझ्याकडे खिडकी घ्यायला आली नसतीस, फुलं घ्यायला गेली असतीस." मग ओरडून म्हणाला, "कार्मेन! अजून एक पेस्ट्री आण, ही पोरगी रडतेय!" मी रडत नव्हते. डोळ्यांत काचेचा भुगा गेला होता. त्याच्या कारखान्यात फार भुगा असतो.

मावशी, हे वाक्य मी तुला फोनवर सांगू शकले नसते. तेवढ्यात तुझी किटली उकळली असती.

मग साल्वुनं कागदावर खिडकी काढली. कठीण लाकडाची चौकट, यादीत बसणारी. खाली एक आडवी पट्टी उघडणारी, तेवढ्यावर जाळी, म्हणजे वाफ जाईल आणि निखारा येणार नाही. वर एकच मोठी काच, मोकळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॅम. "पण हे एकोणतीसला," त्यानं बजावलं. "चाळीसला मी हे करून दिलं तर तुझी ती तपासनीस मला जाळेल." गिलियन पास्कोला मी तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, जोत्याजवळची चव्वेचाळीस काढ. त्यातली तीन ठेवलीस तर चालतील, एकमेकांपासून लांब, फांद्यांना फांद्या लागता कामा नयेत. बाकीची एकेचाळीस गेली, की मी परत येऊन मोजते, आणि बिस्किटं कर.

तर तोडगा असा निघाला. केल्व्हनं आपली यांत्रिक करवत आणून दिली, आणि वर 'माणसानं झाड तोडायला आणि लग्नाला फार विचार करू नये' असं तत्त्वज्ञानही दिलं (त्यानं दोन्ही केलेलं नाही, त्याचं कुरण बघ). चव्वेचाळीस झाडं, त्यातली तीन ठेवायची. काम झालं असं समज. नाचघराची खिडकी मी केल्व्हच्या कोंबड्यांच्या खुराड्याला बसवायला दिली. त्याच्या कोंबड्या आता संध्याकाळी तिच्यासमोर रांगेत उभ्या राहतात, नाच सुरू व्हायची वाट बघत असल्यासारख्या.

या खेपेला नऊ महिने झाले मला इथं येऊन. एका जागी इतकी मी कधी राहिले नव्हते, शाळेतही नाही. सकाळी उठल्यावर कुठे जायचं हा प्रश्न पडायचा, तो हल्ली पडत नाही. त्याऐवजी कुणी नाही हे जाणवतं. पूर्वी मी लांब असायचे आणि घर इथं असायचं, तेव्हा घराची आठवण यायची. आता मी घराच्याच जागेवर बसलेय आणि तरीही येते, हा काय प्रकार आहे ते तू सांग, तू पुस्तकं वाचतेस.

असो, लिहिता लिहिता कॅरॅव्हॅनच्या पायरीवर ऊन आलं. मजकूर कळला असेलच. तुझा लोभ आहे हेही मला कळतं, फक्त तो लेक्स एंट्रन्सला ठेवून काय उपयोग, जरा इकडे पाठव. गुडघ्याला तेल लाव. तळणाऱ्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
ब्रायडी

ता. क. नकाशा सोबत जोडलाय. जिथं पेन्सिलीनं दोन फुल्या केल्यात तिथं सही करायची. यायचं नसेल तर सही करून टपालानं पाठवलीस तरी चालेल. आणि सही करायची नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. (रागावेन. पण अक्षर चांगलं काढून उत्तर लिहीन.)

ता. क. २. झाडांबद्दल वर 'काम झालं असं समज' लिहिलंय. तू समजली असशील तर चुकीचं समजलीस. एकही तोडलेलं नाही. करवत सुरू करते, झाडापर्यंत जाते, बंद करते. तोडायची त्यांना केल्व्हनं निळ्या फिती बांधल्या, त्या मी सोडल्या, त्यानं परत बांधल्या. एकेचाळीस तोडायची माझी तयारी आहे, शप्पथ. पण कोणती तीन ठेवायची ते मला ठरवता येत नाही. ते जी तिथं उभी राहून बघणार तिनं ठरवायचं असतं.

ता. क. ३. साल्वुला एक माप हवंय. उघडणारी पट्टी आणि वरची मोठी काच यांच्यामध्ये एक दांडी येते. ती नेमकी तुझ्या डोळ्यांसमोर आली तर जन्मभर तू टॅमच्या ऐवजी दांडी बघशील. म्हणून त्याला जमिनीपासून तुझ्या डोळ्यांपर्यंतची उंची पाहिजे, भांडी घासताना वाकतेस तशी वाकून, मिलीमीटरमध्ये. हे माप तू पत्रानं कळवू नकोस. तू उंचीच्या बाबतीत खोटं बोलतेस, तुझ्या वाहन परवान्यावर पाच फूट पाच लिहिलंय, आणि ते वाचून पोलिसही हसला होता. मी स्वतः सिंकच्या जागी उभी राहून बघितलं. माझी उंची चालत नाही. मला टॅमच्या डोक्यावरून पलीकडचा रस्ता दिसतो. इथं यावं लागेल. एक दिवस. माप देऊन परत गेलीस तरी मी काही म्हणणार नाही.

ता. क. ४. बस शुक्रवारी दुपारी दोनला पोस्टासमोर थांबते. मी घ्यायला येईन. तुझ्यासाठी मुद्दाम हेलपाटा पडेल असं मनात आणू नकोस, मी दर शुक्रवारी त्या वेळी तशीही तिथं असते, पाव आणायला.

ता. क. ५. पाव गुरुवारी येतो.